घेरातली हवा

यंदाच्या अंकाचा विषय ‘वेश’ आहे, असा संपादकांचा जूनमध्ये फोन आला. तोवर पैठणी, फेटा, वारकऱ्याचा पटका हे सगळं वाटून झालं होतं. “तुम्ही काय घेता?” त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “टुटू.”

पलीकडे जरा वेळ आवाजच नाही. टुटू म्हणजे बॅले नाचणाऱ्या बाईच्या कमरेला तबकडीसारखा आडवा उभा राहणारा तो जाळीचा घागरा. मराठी दिवाळी अंकात तो कुठून आणायचा?

“जालन्यातून,” मी म्हटलं.

जालना माझं माहेर. चौथीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मी परी झाले होते. फ्रॉक आईने शिवला होता, जुन्या सुती मच्छरदाणीचा. तांदळाच्या पेजेची खळ घालून तो असा कडक केला होता, की खाली ठेवला तर एकटा उभा राहायचा. नाच सुरू झाला, घाम आला, आणि दुसऱ्या कडव्याला परीचा घेर ओल्या फडक्यासारखा पायांना चिकटला. त्यातच रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या गॅसबत्तीच्या फार जवळून मी गिरकी घेतली. जाळीची कड करपली. बाईंनी पुढे होऊन ती चिमटीत विझवली, नाच पुढे चालू राहिला. आईने त्या भोकावर मागाहून कापडाचं फूल शिवलं. पुढे कितीतरी वर्षांनी टुटूचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा खळ, घाम आणि दिव्याची झळ ही तिन्ही तिथे आधीच हजर होती.

छताला टांगलेल्या पऱ्या

बडी सडकेपासून आत वळलं की एका बोळात ड्रेपरीचं दुकान आहे. नाटकाचे, गॅदरिंगचे, मिरवणुकीचे पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानाला आपल्याकडे ड्रेपरीच म्हणतात. मी गेले तेव्हा ऑगस्ट होता. पंधरा ऑगस्टच्या भारतमाता धुऊन दोरीवर वाळत होत्या आणि काउंटरवर गोकुळाष्टमीच्या मोरपिसांचा ढीग होता. दुकान चालवणाऱ्या मावशी एकेका कृष्णाच्या पितांबराला इलॅस्टिक ओवत बसल्या होत्या.

मी वर पाहिलं. छताच्या आकड्यांना पांढरे, गुलाबी, आकाशी जाळीचे फ्रॉक उलटे टांगलेले होते. कंबर वर नाही, खाली, घेर छताकडे. पारदर्शक पिशव्यांत झोपलेली वटवाघळंच जणू.

“उलटे का हो?”

“सरळ टांगलं की जाळी लोंबती, घेर मरतो,” मावशी मान वर न करता म्हणाल्या. “उलटं ठेवलं की आपल्याच वजनानं उघडा राहतो. हे काय कुणी शिकवलं नाही, दोन सीझन माल खराब झाला तवा कळलं.”

मला हसू आलं. पॅरिस, लंडन इथल्या मोठ्या बॅले संस्थांच्या पोशाखघरातही टुटू असेच उलटे टांगतात, नाहीतर एकावर एक पालथे रचतात. कारणही हेच. गुरुत्वाकर्षण बडी सडकेवर निराळं नसतं.

मावशींच्या दुकानात याचं नाव परीचा फ्रॉक. काही आया बार्बी म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग सुरू झाली की हे छत रिकामं होतं. बालवाडीपासून चौथीपर्यंत प्रत्येक वर्गाला एक तरी परीचा नाच बसवायचाच असतो, आणि प्रत्येक मुलीला परीच व्हायचं असतं. “झाड व्हायला कुणी तयार नसतं बगा,” मावशी म्हणाल्या. “झाडाचा डरेस मी फुकट देते, तरी.”

“आणि टुटू?”

“ते बड्डेचं. मोबाईलवर फोटो दाखवून मागतात. कंबरंच्या इलॅस्टिकला जाळीच्या पट्ट्या गाठी मारून बांधायच्या, झालं टुटू. शिलाई पण लागत नाही. आमच्या गल्लीतल्या दोन पोरी घरीच करून विकतात.”

म्हणजे शब्दही जालन्यात येऊन पोचला होता, आणि माझ्या आधी पोचला होता.

खालच्यांनी वरच्याला उचलायचं

मावशींचे फ्रॉक शिवणारे मास्टर गांधी चमनच्या बाजूला बसतात. चाळीस वर्षं मशीन चालवलेला माणूस. घेर कसा येतो, असं विचारलं तर त्यांनी उत्तर द्यायच्या आधी जाळीचे दोन तुकडे माझ्या हातात दिले. एक मऊ, बोटांवरून ओघळणारा. दुसरा कडक, मुठीत धरला तर टोचणारा आणि सोडला की परत ताठ होणारा. या दुसऱ्याला शिंपी लोक कॅनकॅन म्हणतात. पॅरिसच्या एका नाचाचं नाव ते, पण आपल्या बाजारात ते कापडाचं झालंय. लेहंग्याच्या आतही हेच असतं.

“फुगवतं ते हे, आणि दिसतं ते ते,” मास्टर म्हणाले.

मग हिशोब. कंबर बावीस इंच असेल तर प्रत्येक थराला निदान चौपट लांबी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी इंच जाळी. तिला दोन समांतर दोरे टाकायचे, दोरे ओढून चुण्या घालायच्या आणि ती अठ्ठ्याऐंशी इंच बावीसात बसवायची. असे तीन थर कडक जाळीचे, वर दोन मऊ जाळीचे, सगळ्यात आत सुती अस्तर. अस्तर विसरलं तर पोरगी स्टेजवर नाचण्याऐवजी खाजवत उभी राहते. स्वस्त फ्रॉकमध्ये पहिल्यांदा तेच गाळलं जातं.

मी त्यांना फोनवर एका शास्त्रशुद्ध टुटूचा फोटो दाखवला. ‘स्वान लेक’मधली पांढरी राजहंसी, घेर अगदी जमिनीला समांतर. मास्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बाईकडे न बघता घेराच्या खालच्या बाजूकडे बघत राहिले.

“ही कमरंवर शिवलेली नाही. ही चड्डीवर शिवलेली हाय,” ते म्हणाले. “खालची पट्टी आखूड, मग जरा लांब, मग अजून लांब. वरची सगळ्यात मोठी. खालच्यांनी वरच्यांना उचलून धरलंय.”

एका फोटोवरून त्यांनी टुटूची सगळी रचना सांगून टाकली होती. खरोखर तसंच असतं. नितंबांवर घट्ट बसणारा एक पट्टा असतो. त्याच्याखाली, चड्डीवर, जाळीचे दहा-बारा थर एकाखाली एक शिवलेले असतात, सगळ्यात खालचा जेमतेम बोटभर. मग हाताने सैल टाके घालून हे थर एकमेकांत अडकवतात, म्हणजे गिरकी घेताना ते वेगवेगळे उडत नाहीत, एकच तबकडी होऊन फिरतात. काही प्रकारांत वरच्या एखाद्या थरात पोलादी तारेचं कडं घालतात.

“तार घालतात?” मास्टर हसले. “मग जालन्यात आणा म्हणावं शिवायला. सळयांच्या गावात तारेला काय तोटा?”

पाऊल दिसावं म्हणून

हा घागरा इतका वर चढला कसा? त्याच्या मागे नखऱ्यापेक्षा पायाचं काम जास्त आहे.

अठराव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात नाचणाऱ्या बायका दरबारी झगे घालून नाचत. झगा जमिनीपर्यंत, पाय झाकलेले. मारी कामार्गो ही तिथली नर्तकी पायांच्या झटपट कामात पुरुषांच्या तोडीची होती. हवेत उडी मारून पाय एकमेकांवर आपटण्याची तिची चलाखी झग्याखाली कुणाला दिसणार? तिने झगा घोट्याच्या वर घेतला. मोठा गहजब झाला. आज आपल्याला हसू येतं, पण कपड्याच्या इतिहासात चार बोटांसाठी असे गहजब नेहमी होतात.

आपल्याकडे हाच प्रश्न नऊवारीने आपल्या पद्धतीने सोडवला. लावणी नाचणारीच्या पायात शेरभर घुंगरू असतात, टाच आपटायची असते, बैठक मारायची असते. गोल लुगड्यात ते जमत नाही. म्हणून काष्टा. कापड नऊ वार, पण दोन्ही पाय मोकळे. अंग झाकलेलं आणि काम उघडं. नाच कुठलाही असो, आधी पाय काय करतात ते ठरतं, मग कपडा त्यांच्या मागून येतो.

टुटूचा खरा जन्म मानतात तो 12 मार्च 1832 चा, पॅरिस ऑपेरातला. नृत्यनाट्य ‘ला सिल्फिद’, नर्तकी मारी ताल्योनी, नाच बसवणारे तिचे वडील फिलिप्पो. सिल्फिद म्हणजे हवेत राहणारी अप्सरा. ती एका माणसावर जीव लावते आणि त्याच्या हाती लागली की मरते. ताल्योनी पायाच्या अंगठ्यावर उभी राहून नाचली. अंगात पांढरी घट्ट चोळी, खाली पोटरीपर्यंत घंटेसारखा उतरणारा पांढरा पातळ घागरा. या पोशाखाचं श्रेय चित्रकार युजेन लामी याला देतात. 1841 मध्ये ‘जिझेल’ आली. तिच्या दुसऱ्या अंकात लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं रात्री रानात नाचतात, आणि सगळ्या याच पांढऱ्या घेरात. तेव्हापासून बॅले म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरं काहीतरी तरंगू लागलं.

त्या घेराचं कापड सुती होतं. टार्लटन नावाची विरळ विणीची, खळ घातलेली मलमल, आणि जोडीला जाळी. जाळी पूर्वी हाताने विणत, म्हणून ती राजघराण्यांपुरती होती. 1809 मध्ये इंग्लंडच्या जॉन हीथकोटने षटकोनी घरांची जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि जाळी वारावर मिळू लागली. गिरणी नसती तर परीही नसती. आज मास्टरांच्या दुकानातली जाळी सुरतेहून येते आणि ती पेट्रोलियमपासून बनलेल्या धाग्याची असते. दुकानाच्या बाहेर मात्र जिनिंगकडे निघालेल्या कपाशीच्या गाड्यांनी हंगामात रस्ता अडतो. पांढऱ्या परीचा मूळ धागा इथल्या काळ्या मातीत पिकतो आणि परी स्वतः नायलॉनची होऊन परत येते.

टुटू हा शब्द या सगळ्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला. फ्रेंच लोक लहान मुलांशी बोबडं बोलताना ढुंगणाला जो शब्द वापरतात, त्यावरून तो पडला असं सांगतात. एवढ्या अलवार पोशाखाचं नाव एवढं घरगुती, हे मला फार आवडतं.

गॅसचा उजेड

ताल्योनीच्या पांढऱ्या घेराची जादू कापडात होती तितकीच उजेडात होती. पॅरिस ऑपेरात 1822 पासून गॅसचे दिवे आले होते. मेणबत्त्या लावल्या की लावल्या, पण गॅस कमी-जास्त करता येई. मंद केला की रंगमंचावर चांदणं पडे, आणि त्या चांदण्यात पांढरी जाळी धूसर होऊन कडा हरवून बसे. कुठे बाई संपते आणि कुठे हवा सुरू होते ते कळत नसे. टुटूच्या मोहिनीचं मूळ मला इथे दिसतं. तो घेर बहुतेक हवेचाच असतो, कापड नुसतं हवेला धरून ठेवतं.

पण हवा धरून ठेवणारं विरळ सुती कापड आणि उघडी ज्योत, यांचं गणित कुठल्याही गृहिणीला कळतं.

1844 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर ही नर्तकी रंगमंचावर दिव्याने पेटली आणि गेली. असे अपघात इतके होत होते, की फ्रान्समध्ये 1859 च्या हुकुमाने रंगमंचावरचे पडदे आणि पोशाख तुरटीसारख्या क्षारांच्या द्रावणात बुडवून घेणं बंधनकारक झालं. त्याने कापड पेट घेत नसे, पण पिवळट आणि ताठ होई. हवेतली अप्सरा पिवळी आणि खरखरीत? बऱ्याच नर्तकींनी नकार दिला.

त्यांत एम्मा लिव्री होती. म्हातारपणाकडे झुकलेल्या ताल्योनीने स्वतः तिला शिकवलं, आणि 1860 मध्ये तिच्यासाठी ‘ल पापियों’ म्हणजे ‘फुलपाखरू’ हे नृत्यनाट्य बसवलं. त्यातली नायिका फुलपाखरू होऊन मशालीकडे झेपावते आणि तिचे पंख पोळतात. दोन वर्षांनी, 15 नोव्हेंबर 1862 ला, दुसऱ्याच एका संगीतिकेची तालीम चालू असताना लिव्रीने आपला घेर झटकून फुलवला, आणि तो गॅसच्या ज्योतीला लागला. ती पेटत्या कपड्यानिशी रंगमंचभर धावली. आठ महिने ती वेदनेत जगली आणि 26 जुलै 1863 ला गेली. विशीही नीट ओलांडलेली नव्हती. तिच्या त्या पोशाखाच्या जळक्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आजही जपलेल्या आहेत.

हे मी मास्टरांना सांगितलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत. जाळीचा एक तुकडा घेतला, काडी ओढली आणि लांबूनच दाखवली. जाळी भडकली नाही. ती आकसली, काळी झाली आणि तिचा तापलेला थेंब फरशीवर पडून चिकटला.

“ही नुसती जळत नाही, वितळती,” ते म्हणाले. “अंगाला लागली तर निघत नाही. कातडीसंगटच निघती.”

तबकडी

घंटेचा घेर तबकडी झाला तो रशियात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटालियन नर्तकी सेंट पीटर्सबर्गला जाऊन तिथल्या रंगमंचावर राज्य करू लागल्या. त्यांच्या पायात इतकी ताकद आणि गती होती, की गुडघा आणि मांडी दिसल्याशिवाय प्रेक्षकाला त्यातलं निम्मं कळलंच नसतं. घेर वर सरकत गेला. 1895 मध्ये मारियिन्स्की नाट्यगृहात ‘स्वान लेक’ नव्याने बसवलं गेलं, तेव्हा पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. दुसरा पाय हवेत चाबकासारखा फिरतो आणि अंगाला फिरवत नेतो. लांब घागऱ्यात हा पाय अडकला असता.

तबकडीचं आणखी एक काम आहे. ती अंगाचे दोन भाग करते. वरचा भाग राजहंसासारखा शांत, मान उंच, हात मऊ. खालचा भाग मशीनसारखा राबणारा. बघणाऱ्याला वरचं सुख दिसतं, खालची मेहनतही दिसते, पण दोन्ही एकाच बाईची आहेत हे मन मानत नाही. आपली वेणी-गजरा ल्यालेली लावणीवाली वर मुरकत असते आणि खाली तिचे पाय ढोलकीशी झुंजत असतात, त्यातही हेच आहे.

1950 मध्ये न्यूयॉर्कला बार्बरा कारिन्स्का या पोशाखकर्तीने जॉर्ज बालनचिनच्या नाचासाठी तारेचं कडंच काढून टाकलं. शेजारी शेजारी नाचणाऱ्यांच्या तबकड्या एकमेकींवर आदळायच्या, म्हणून. तिचा आखूड, मऊ, पावडरच्या पफसारखा घेर पुढे जगभर चालला.

अजिंठ्याकडचा रस्ता

दुसऱ्या दिवशी राजूरमार्गे भोकरदनला निघाले. तिथल्या गणपतीला हात जोडून पुढे. श्रावणातली कपाशी कमरेएवढी झालेली, मका डोक्यावर.

जालना जिल्ह्याचं हे टोक अजिंठ्याला लागून आहे. बॅलेची महाराणी ॲना पाव्हलोव्हा हिची गोष्ट इथेच सांगायला हवी. मरणारी राजहंसी हा तिचा चारेक मिनिटांचा नाच आणि त्यातला पिसं लावलेला टुटू तिने जगभर फिरवला. 1922 च्या पूर्वेकडच्या दौऱ्यात ती मुंबईला नाचली. परतल्यावर 1923 मध्ये लंडनच्या कव्हेंट गार्डनला तिने ‘अजंठाज फ्रेस्कोज’ हे नृत्यनाट्य रंगमंचावर आणलं. नाच इव्हान क्लुस्तिनचा, संगीत अलेक्झांडर चेरेप्निनचं, कथा सिद्धार्थाच्या गृहत्यागाची. तेव्हा अजिंठा आणि जालना दोन्ही निजामाच्या राज्यात होते. त्याच सुमारास निजाम सरकारने चित्रं जपण्यासाठी इटलीहून जाणकार बोलावले होते. इटालियन पायांनी टुटू वर उचलला आणि इटालियन हातांनी अजिंठ्याचे पोपडे परत चिकटवले, असा हा योग.

त्याच वर्षी लंडनमध्ये शिकणारा उदयशंकर नावाचा तरुण पाव्हलोव्हासाठी ‘राधाकृष्ण’ बसवत होता. तो कृष्ण, ती राधा. टुटूच्या महाराणीने त्यासाठी भारतीय पोशाख चढवला. 1928 मध्ये ती पुन्हा मुंबईला आली, तेव्हा तिला बघायला आलेल्यांत रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. आपल्या मातीतला नाच शोधा, असं पाव्हलोव्हाने त्यांना सुचवल्याचं सांगतात. मुंबईच्या लीला सोखी, म्हणजे मेनका, यांनाही तिने उभारी दिली. मेनकांनी पुढे आपला ताफा घेऊन 1936 च्या बर्लिनच्या नृत्यस्पर्धेपर्यंत मजल मारली आणि खंडाळ्याला नृत्याची शाळा काढली.

रुक्मिणीदेवींनी काढलेल्या कलाक्षेत्र या संस्थेत भरतनाट्यमचा शिवलेला पोशाख रुळला, त्यात मादाम काझान या युरोपीय बाईंच्या शिवणकामाचा हात होता. समोर चुण्यांचा पंखा, बैठक घेतली की उघडणारा, उभं राहिलं की मिटणारा. हा पोशाख मावशींच्या ड्रेपरीत परीच्या फ्रॉकशेजारीच टांगलेला असतो. फक्त तो सरळ.

भोकरदनच्या पुढे अन्व्याला थांबले. बाराव्या शतकाच्या आसपासचं महादेवाचं मंदिर, बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या स्त्रीरूपातल्या मूर्ती. पुजारीकाका म्हणाले, “नीट बघा, बाकी सगळं झिजलं तरी कमरपट्टा शाबूत हाय.” खरंच होतं. कमरेवरची मेखला, तिच्यातून मांडीवर उतरणाऱ्या सरी. वस्त्र जवळजवळ दिसतच नाही, पण कंबर हलली की सरी हलतील हे दगडातही कळतं. याच भोकरदनच्या सत्तरच्या दशकातल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिचं साम्य थेट इटलीतल्या पाँपेईला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी. पाँपेई सन 79 मध्ये राखेखाली गेलं. कमरेभोवती काहीतरी हलतं ठेवायची ही हौस किती जुनी, याचा पुरावा टुटूच्या आधी अठराशे वर्षं बोटीतून तिकडे गेलेला दिसतो.

आभरान

परतताना वाटेत आठवडी बाजार लागला. मिरच्यांच्या ढिगाऱ्यापलीकडे ढोलकं घुमलं. पोतराज होता. उघडं अंग, कपाळभर हळद-कुंकू, मोकळे केस, पायात घुंगरू, हातात कोरडा. मागे बाई, डोक्यावर मरीआईचा देव्हारा. तो फिरला आणि कमरेभोवतीच्या रंगीत पट्ट्या एकदम आडव्या उठल्या. हिरवी, जांभळी, लाल, तबकडीच. मी भाजीची पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

कमरेच्या दोरीला खणांचे, चिंध्यांचे तुकडे गाठी मारून बांधलेले. अगदी त्या बड्डेच्या टुटूसारखे. या वस्त्राला आभरान म्हणतात. पार्थ पोळके यांच्या आत्मकथनाचं नावही तेच आहे. पोतराजाच्या घरात जन्मलेल्याला या घेराचं ओझं काय असतं, ते त्यात आहे. गावाने दिलेले खण, नवसाने वाढवलेले केस, आणि ते उतरवायचे तर देवीच्या कोपाची भीती. ज्यांनी शाळा धरली, त्यांनी आभरान उतरवलं. बाजारातल्या त्या माणसाला मी दहा रुपये दिले आणि फोटो काढायला वर केलेला फोन परत पिशवीत ठेवला.

टुटूचीही ही बाजू आहे. 1881 मध्ये चित्रकार एदगार देगाने चौदा वर्षांच्या छोट्या नर्तकीचा मेणाचा पुतळा मांडला. अंगात खरी चोळी, खरा जाळीचा घेर, वेणीला खरी रिबीन. लोक म्हणाले, कुरूप आहे. ती मुलगी मारी व्हान गोएतेम, शिंप्याची आणि धोबिणीची लेक. ऑपेरातल्या अशा गरिबाघरच्या मुलींना ‘उंदीर’ म्हणत. वर्गणीदार श्रीमंतांना रंगमंचामागच्या दालनात या मुलींना भेटायची मुभा असे. पुढच्या वर्षी गैरहजेरीसाठी मारीला ऑपेरातून काढून टाकलं. तिचा पुतळा मात्र पुढे ब्राँझमध्ये ओतला गेला आणि जगभरच्या संग्रहालयांत पोचला. फडात पुढच्या रांगेत कोण बसतं आणि कशासाठी, हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आज चित्र पालटतंय. मुंबईत येहुदा माओर यांच्या हाताखाली मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह ही साध्या घरातली दोन मुलं बॅले शिकली. अमिरुद्दीन 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला. त्यांच्यावर सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ हा सिनेमा 2020 मध्ये आला. या मुलांच्या अंगात टुटू नव्हता. लहानपणी परी होता आलं नाही म्हणून त्यांचं काही अडलं नाही. बॅले नाचायला जी ताकद लागते ती घेरातून येत नाही, पोटरीतून येते.

फुलबाजी

निघायच्या दिवशी मावशींकडे पुन्हा गेले. एक आई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीने वर बोट केलं. मावशींनी काठीने आकडा सोडवून एक पांढरा फ्रॉक खाली घेतला, सरळ केला, दोनदा झटकला. मुलीने तो घातला आणि आरशात न बघता आधी गरकन फिरली. घेर उठला, ती थांबली तरी तो क्षणभर फिरत राहिला, मग हळूच बसला. ती खुदकन हसली आणि परत फिरली. टुटू दोनशे वर्षं का टिकला, याचं उत्तर त्या अर्ध्या क्षणात आहे. अंग थांबतं, पण काहीतरी अजून चालू असतं. कापडात पकडलेली हवा तेवढ्यापुरती आपली होते.

“दिवाळीला घालायचाय,” आई म्हणाली. “मामाकडे जायचंय. अंगणात फटाके, फोटो…”

मावशींनी पावती लिहिता लिहिता पेन थांबवलं. “फोटो काढा, मिरवा. फुलबाजी लावताना मात्र काढून ठेवा गं बाई. भाड्याच्या फ्रॉकाचं जाऊ द्या.”

माझा लेख खरं तर तिथेच लिहून झाला होता. हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा घरात पणत्या असतील, अंगणात रांगोळीभोवती दिवे असतील, आणि एखादी परी त्यांच्यामधून गिरक्या घेत असेल. तिला फिरू द्या, मनसोक्त फिरू द्या. पण दिव्यांपाशी जायची वेळ झाली की तिचा जाळीचा घेर उतरवा आणि अंगात साधा सुती फ्रॉक घाला, अंगालगतचा. पाण्याची बादली जवळ ठेवा. आणि जाळीचा फ्रॉक खुंटीला टांगाल तेव्हा उलटा टांगा.